दहा फूट रुंद, दोनशे चाळीस किलोमीटर लांब

आगगाडीला चढ सोसत नाही. लोखंडी चाक लोखंडी रुळावर घसरते, म्हणून रेल्वे बांधणारा इंजिनिअर डोंगर दिसला की आधी वळसा शोधतो. वळसा नसेल तर डोंगर कापतो, कापणे परवडत नसेल तर पोखरतो, आणि दरी आली की भराव घालतो किंवा पूल टाकतो. आपल्या बोरघाटाचा चढ १ ला ३७ आहे, आणि तेवढ्यासाठी कर्जतला गाडीच्या मागे जादा इंजिने जोडावी लागतात. अमेरिकेतल्या अ‍ॅलेघेनी पर्वतरांगा ओलांडण्यासाठी वेस्टर्न मेरीलँड रेल्वेने १९१२ मध्ये जो मार्ग पुरा केला, त्याचा सर्वांत खडा भागही १ ला ५७ च्या आसपास आहे. त्या मार्गावरची वाहतूक १९७५ मध्ये थांबली. पुढे रूळ उचलले गेले, आणि डोंगरातून काढलेला तो सौम्य चढाचा पट्टा तसाच राहिला. आज त्यावर बारीक चुनखडीचा थर आहे आणि त्यावरून माणसे चालतात, सायकली चालवतात. पिट्सबर्ग ते कंबरलंड अशा २४० किलोमीटरच्या ज्या वाटेचा हा पट्टा मोठा भाग आहे, तिचे नाव ग्रेट अ‍ॅलेघेनी पॅसेज. तिथले लोक तिला नुसते ‘गॅप’ म्हणतात.

ही पुस्तिका गॅपवर जाणाऱ्या मराठी माणसांसाठी आहे. पिट्सबर्गमध्ये आणि वॉशिंग्टनच्या परिसरात मराठी घरे पुष्कळ आहेत. उन्हाळ्यात त्यांच्याकडे भारतातून आईवडील येऊन राहतात, शनिवार-रविवारी सगळ्यांना मिळून कुठे जायचे हा प्रश्न असतो, आणि गॅपचा एखादा टप्पा हे त्याचे चांगले उत्तर आहे. नकाशे, मुक्कामाची ठिकाणे, सायकली भाड्याने देणारी दुकाने यांची माहिती इंग्रजीत भरपूर मिळते आणि ती इथेही थोडक्यात आहे. पण पुस्तिकेची बरीचशी पाने वाटेवर वागायचे कसे याला दिली आहेत. एवढ्या पानांची गरज काय, असे काहींना वाटेल. मला ती गरज पूर्ण पटलेली आहे आणि या प्रस्तावनेत तेवढेच सांगायचे आहे.

जुन्या रेल्वेमार्गावर केलेली अशी वाट, म्हणजे रेल-ट्रेल, शरीराला सोपी असते. चढ जवळपास जाणवत नाही, मोटारी नसतात, रस्ता चुकायची भीती नसते. त्यामुळे एरवी एकमेकांच्या वाटेला न जाणारी माणसे इथे एकाच पट्ट्यावर येतात. पिट्सबर्गहून वॉशिंग्टनला निघालेला, चार पिशव्या लादलेला सायकलस्वार, आठ वर्षांची पहिल्यांदाच दोन चाकांवर आलेली मुलगी, सत्तरी ओलांडलेले जोडपे, बाबागाडी ढकलणारी आई, धावण्याचा सराव करणारा विद्यार्थी, कुत्रा फिरवणारा गावकरी, काही टप्प्यांत घोडेस्वारसुद्धा. आणि हे सगळे ज्या जागेत मावायचे ती जागा आगगाडीच्या मापाची आहे. वाट साधारण दहा फूट रुंद. एका बाजूला बहुधा कापलेला डोंगर, दुसऱ्या बाजूला नदीकडे उतरणारा भराव. रेल्वेला बाजूला व्हायची कधी गरजच पडत नसे, म्हणून बाजूला व्हायला जागा ठेवलेली नाही. ज्या बांधणीने ही वाट सोपी केली त्याच बांधणीने ती अडचणीची केली आहे. अशा ठिकाणी सौजन्य आणि सुरक्षितता या दोन वेगळ्या गोष्टी राहत नाहीत. समोरच्याला जागा देणे हाच अपघात टाळायचा उपाय असतो, दुसरा उपायच नसतो.

भारतातून नुकत्याच आलेल्या माणसासाठी इथला सर्वांत मोठा धोका फार साधा आहे आणि इंग्रजी पुस्तकांत तो सापडत नाही, कारण ती लिहिणाऱ्यांना तो ठाऊक असण्याचे कारण नाही. आपण जन्मभर डावीकडून चालतो. अमेरिकेत उजवीकडून चालायचे आणि पुढच्याला डावीकडून ओलांडायचे. ओलांडणारा सायकलस्वार मागून ‘ऑन युअर लेफ्ट’ असे ओरडतो. त्याचा अर्थ एवढाच की मी तुमच्या डाव्या बाजूने येतोय, तुम्ही आहात तिथेच राहा. आता आपली आई किंवा सासरे काय करतात पाहा. मागून आवाज आला, त्यात ‘लेफ्ट’ ऐकू आले, शिवाय साठ वर्षांची सवय सांगते की गाडी आली की डावीकडे व्हा. ते झटकन डावीकडे सरकतात, म्हणजे नेमके सायकलच्या पुढ्यात. यात त्यांचे काही चुकले असे म्हणता येत नाही. त्यांनी सभ्यपणानेच वाट दिली, फक्त ती चुकीच्या बाजूला दिली. म्हणून घरून निघताना त्यांना एकच गोष्ट सांगून ठेवावी: मागून कसलाही आवाज आला तरी उजव्या कडेने सरळ चालत राहायचे, वळायचे नाही, थांबायचे नाही. पहिल्या दिवशी घरातल्या तरुण माणसाने त्यांच्या डाव्या हाताला चालावे, म्हणजे चूक झाली तरी मधे कोणीतरी असते.

सायकलवर असलेल्या मराठी माणसासाठी याची दुसरी बाजू आहे. वाक्य ओरडून आपले काम झाले असे समजू नये. तुमचे शब्द ऐकले गेले की नाही, ऐकून काय समजले गेले, हे समोरचा माणूस हलल्यावरच कळते. तोवर वेग कमी हवा आणि बोटे ब्रेकवर हवीत. घंटी लांबून वाजवावी, एकदा किंवा दोनदा. जवळ येऊन सारखी वाजवली तर तिचा सूर ‘बाजूला व्हा’ असा होतो. लक्ष्मी रोडवर किंवा दादरला घंटी अशीच वाजवावी लागते, आणि तिथे त्याचे कोणाला काही वाटत नाही. गॅपवर वाटते. ओलांडून गेल्यावर ‘थँक यू’ म्हणणे हा तिथला रिवाज आहे आणि तो मनापासून पाळला जातो. गट मोठा असेल तर पहिल्या सायकलस्वाराने आपण किती जण आहोत ते सांगावे, नाहीतर चालणारा माणूस एक सायकल गेली म्हणून निर्धास्त होतो आणि दुसरी त्याच्या कोपराला घासून जाते.

गटाने चालण्याचाही विचार करायला हवा. आपण माणसे एकत्र निघालो की एका ओळीत चालत नाही. चौघे खांद्याला खांदा लावून चालतात, दोघे त्यांच्याकडे तोंड करून उलटे चालत बोलतात, आणि मुले सगळ्यांच्या मधून पळतात. ही गप्पांची पद्धत मला प्रिय आहे, ती सोडावी असे मी सांगणार नाही. पण दहा फुटांच्या वाटेवर चौघे शेजारी चालले की वाट बंद होते. दोघा-दोघांच्या जोड्या कराव्या, आणि फोटोसाठी, डबा उघडण्यासाठी, बुटाची नाडी बांधण्यासाठी थांबायचे असेल तर सगळ्यांनी सायकलींसह वाटेवरून पूर्ण खाली उतरावे. वळणावर किंवा बोगद्याच्या तोंडाशी थांबू नये. दोन्ही कानांत इअरफोन घालून चालवणे किंवा चालणे हे तर समोरच्याने दिलेली प्रत्येक सूचना आधीच नाकारण्यासारखे आहे.

गॅपवर माझ्या मते सर्वांत जपून राहायची जागा म्हणजे सर्वांत सोपा वाटणारा टप्पा. वाटेचा माथा पेनसिल्व्हेनियात, डील या वस्तीजवळ ७२९ मीटर उंचीवर आहे. इथून पश्चिमेचे पाणी ओहायो नदीमार्गे मेक्सिकोच्या आखाताकडे जाते आणि पूर्वेचे अटलांटिकला. पिट्सबर्गहून या माथ्यापर्यंत दोनशे किलोमीटर हळूहळू चढत यावे लागते. पलीकडे मात्र कंबरलंड अवघ्या ३८ किलोमीटरवर आहे आणि पाचशे मीटरहून अधिक उतार तेवढ्यात संपतो. पायडल न मारता सायकल धावू लागते. चढून दमलेल्या माणसाला हे बक्षीस वाटणे साहजिक आहे. पण त्याच वाटेने कंबरलंडहून घाम गाळत वर येणारे लोक असतात, चालणारे असतात, आणि फ्रॉस्टबर्गपर्यंत पर्यटकांच्या आगगाडीने सायकल वर आणून तिथून खाली सोडणारे हौशी असतात, ज्यांच्या हाताखाली भाड्याची, अनोळखी सायकल असते. चुनखडीच्या भुकटीवर अचानक ब्रेक दाबला तर मागचे चाक आडवे जाते, आणि पावसानंतर हा थर मऊ पडतो. पुढे वॉशिंग्टनला जाणाऱ्या कालव्याच्या ज्या वाटेला गॅप कंबरलंडला जाऊन मिळते, तिथे ताशी १५ मैलांची, म्हणजे २४ किलोमीटरची मर्यादा आहे. हा आकडा उतारावरही डोक्यात ठेवावा, आणि चालणाऱ्या माणसाजवळून जाताना त्याच्याही बराच खाली यावे. विजेवर चालणाऱ्या सायकलींमुळे आता चढावरही हा वेग सहज गाठता येतो, तेव्हा नियम त्यांनाही तितकाच लागू.

याच उतारावर बोगदे आहेत. माथ्यानंतर लगेच येणारा बिग सॅव्हेज बोगदा एक किलोमीटरहून किंचित लांब आहे. त्यातून बाहेर पडले की एकदम मेरीलँडच्या डोंगरांची निळी ओळ समोर उघडते, आणि नेमके तिथेच सगळे थांबतात, म्हणून तोंडाशी सावकाश. हा बोगदा हिवाळ्यात, साधारण डिसेंबरपासून एप्रिलच्या सुरुवातीपर्यंत दारे लावून बंद ठेवतात, कारण आत झिरपणारे पाणी गोठून बांधकाम फोडू शकते. दार बंद असताना पलीकडे जायची सोयीची दुसरी वाट नाही. प्रवासाची तारीख ठरवताना सगळ्यांत आधी हे पाहावे. पुढे बॉर्डन बोगदा लागतो आणि कंबरलंडच्या आधी ब्रश बोगदा. बोगद्यात दिवे असतील या भरवशावर राहू नये. सायकलला पुढे पांढरा आणि मागे लाल दिवा असावा, चालणाऱ्याकडे बॅटरी असावी. बाहेरच्या उन्हातून आत शिरल्यावर काही क्षण डोळ्यांना काहीच दिसत नाही, तेव्हा तेवढ्यापुरते काळा चष्मा काढून ठेवावा आणि सायकल जवळजवळ चालण्याच्या वेगाने न्यावी. आत मुले आवाज घुमवून पाहतात. पाहू द्यावे, पण समोरून कोणी येत नाही याची खात्री करून, कारण घुमणाऱ्या आवाजात घंटी हरवते.

ब्रश बोगद्याची गोष्ट वेगळी आहे. इथे एकाच बोगद्यात वाट आहे आणि शेजारी चालू रूळ आहे. कंबरलंड ते फ्रॉस्टबर्ग धावणारी वेस्टर्न मेरीलँड सीनिक रेल्वे ही पर्यटकांची गाडी याच बोगद्यातून जाते, काही वेळा वाफेच्या इंजिनाने. गाडी आत असेल किंवा येण्याच्या बेतात असेल तर बाहेर थांबावे. धूर, वाफ आणि आवाज त्या अरुंद जागेत कोंडतात, आणि लहान मूल घाबरून कुठल्या बाजूला धावेल हे सांगता येत नाही.

रूळ चालू आहेत की बंद, हा फरक आपल्याकडच्या ट्रेकरला मुद्दाम सांगावा लागतो. दूधसागर धबधब्याकडे कॅसलरॉकहून किंवा कुळेहून रुळांवरून चालत जाणे ही अनेक वर्षे पुण्या-मुंबईच्या ट्रेकर्सची आवडती वाट होती. तो दक्षिण पश्चिम रेल्वेचा चालू मार्ग आहे. जुलै २०२३ मध्ये बंदी मोडून तिथे गेलेल्यांना रेल्वे सुरक्षा दलाच्या जवानांनी उठाबशा काढायला लावल्या, त्याची चित्रफीत घराघरांत पोहोचली. रेल्वेच्या हद्दीत विनापरवाना शिरणे हा १९८९ च्या रेल्वे कायद्याच्या १४७ व्या कलमाखाली गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. रुळांवरून चालण्याची ती ओढ मी समजू शकतो. घाटातली रेल्वे जिथून जाते तिथून दुसरे काहीच जात नाही, आणि तो निसर्ग पाहण्यासाठी माणूस धोका पत्करतो. रेल-ट्रेलने ही ओढ कायदेशीर आणि सुरक्षित केली. पण गॅपच्या शेजारून बऱ्याच अंतरापर्यंत, बहुतेक नदीच्या पलीकडच्या काठाने, जुन्या बाल्टिमोर अँड ओहायो रेल्वेचा मार्ग जातो आणि त्यावरून आजही लांबच लांब मालगाड्या धावतात. फोटोसाठी त्या रुळांवर चढण्याचा मोह होतो. तिथे तो आपल्याकडच्या इतकाच जीवघेणा आहे.

घोड्यांबद्दल थोडे. गॅपच्या ठरावीक टप्प्यांत वाटेच्या कडेच्या गवतावरून घोडे नेण्याची परवानगी आहे. मराठी माणसाचा घोड्याशी संबंध बहुधा माथेरानपुरता किंवा वरातीपुरता येतो, आणि ते घोडे गर्दीला सरावलेले असतात. इथला घोडा मागून निःशब्द येणाऱ्या सायकलला शिकारी जनावर समजून उधळू शकतो. घोड्याजवळ घंटी वाजवू नये, माणसाच्या आवाजात बोलावे, स्वाराला विचारावे की पुढे जाऊ का, आणि तो सांगेल तसे करावे. सगळ्यांनी घोड्याला वाट द्यायची, सायकलने चालणाऱ्याला द्यायची, हा क्रम तिथे सर्वमान्य आहे.

जिथे वाट डांबरी रस्ता ओलांडते तिथे मोटारी वाटेवर येऊ नयेत म्हणून मधोमध खांब किंवा फाटक असते. गटात मागून येणाऱ्याला पुढच्याच्या पाठीमुळे ते दिसत नाही. पहिल्याने हात दाखवून आणि बोलून सांगावे. रस्ता ओलांडताना मोटार थांबेल असे धरून चालू नये, सायकल थांबवून दोन्हीकडे पाहावे, आणि पाहताना आधी डावीकडे पाहावे, कारण जवळची गाडी तिथून येते. आपली मान सवयीने आधी उजवीकडे जाते.

शहरातून येणाऱ्यांना वाटेचा एकांत किती खरा आहे ते आधी कळत नाही. कॉन्फ्लुअन्स ते रॉकवुड या गावांमध्ये सुमारे २९ किलोमीटर आहेत, कॉनेल्सव्हिल ते ओहायोपाइल सुमारे २७, आणि मधे दुकान मिळत नाही. योकोगेनी आणि कॅसलमन या नद्यांच्या घळीत मोबाइलला बऱ्याच ठिकाणी रेंज मिळत नाही. पाणी, जादा ट्यूब, पंप आणि थोडे प्रथमोपचाराचे साहित्य प्रत्येक गटाकडे हवे. वाटेवर मैलांचे खांब आहेत; कंबरलंडला शून्य आणि पिट्सबर्गला दीडशे. प्रत्येक खांब जाताना मोठ्याने वाचायची मुलांना सवय लावावी. कोणी पडले आणि ९११ ला फोन लागला, तर ‘जंगलात, नदीच्या काठी’ या वर्णनाने रुग्णवाहिका येऊ शकत नाही, मैलाच्या आकड्याने येऊ शकते. फोन लागत नसेल तर एकाने जखमी माणसाजवळ थांबावे आणि दुसऱ्याने जवळच्या गावाकडे जावे. आणि रस्त्यात सायकल उलटी करून बसलेला कोणीही अनोळखी दिसला तर ‘सगळं ठीक आहे ना’ एवढे थांबून विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये. गॅपवर हे जवळपास प्रत्येक जण करतो, आणि माझ्या मते या वाटेवरची हीच सर्वांत भरवशाची सुरक्षाव्यवस्था आहे.

जंगलाचेही काही नियम आहेत. लांब गवतात गोचिडी असतात आणि त्यांच्यातून लाइम नावाचा आजार होतो. मुक्कामाला पोहोचल्यावर पाय, गुडघ्यामागची बाजू, केसांची कड तपासावी. लहान मुलांची आईनेच तपासावी. दगडांच्या ढिगाऱ्यात रॅटलस्नेक असू शकतो, त्याला छेडल्याशिवाय तो काही करत नाही. शरदात पाने रंगतात आणि वाटेवर सर्वाधिक गर्दी होते, पण त्याच सुमारास शिकारीचे हंगाम सुरू होतात आणि नोव्हेंबर-अखेरीस हरणांची शिकार जोरात असते. तेव्हा भडक नारिंगी जाकीट घालूनच निघावे.

आता ज्यांच्यामुळे ही वाट आहे त्यांच्याविषयी. बंद पडलेला रेल्वेमार्ग वाट म्हणून टिकणे अमेरिकेतही आपोआप घडत नाही. विस्कॉन्सिनमध्ये १९६० च्या दशकात एलरॉय ते स्पार्टा हा तीन बोगद्यांचा जुना मार्ग वाटेसाठी खुला झाला, त्यानंतर ही कल्पना पसरली. पण मार्ग बंद झाला की जमिनीचे तुकडे शेजाऱ्यांकडे जात आणि सलग पट्टा कायमचा तुटे. १९८३ मध्ये अमेरिकी काँग्रेसने कायद्यात तरतूद केली की रेल्वे कंपनी असा मार्ग मोडीत काढण्याऐवजी वाटेसाठी वापरायला देऊ शकेल, आणि उद्या रेल्वेला तो हवा झाला तर परत मिळेल. शेजारच्या काही जमीनमालकांना हे मान्य नव्हते. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि १९९० मध्ये प्रेसॉल्ट खटल्यात न्यायालयाने कायदा वैध ठरवला, पण मालकांना भरपाई मागायचा मार्गही खुला ठेवला. रेल-ट्रेलच्या शेजारी राहणाऱ्या शेतकऱ्याच्या मनात ही वाट नेहमीच निर्विवाद आनंदाची नसते, हे या इतिहासातून समजते. त्याच्या मक्यातून कणीस तोडणे, त्याच्या खासगी रस्त्यावर गाडी उभी करणे, त्याच्या कुंपणाशी आडोसा शोधणे, यांतले काहीही केले तर आपण त्याच्या जुन्या तक्रारीला पुरावा पुरवतो.

गॅपही एका दमात झालेली नाही. पहिला पंधरा किलोमीटरचा तुकडा १९८६ मध्ये ओहायोपाइलजवळ खुला झाला. मकीस्पोर्ट ते कंबरलंड सलग वाट २००६ मध्ये झाली, आणि पिट्सबर्गच्या संगमावरच्या पॉइंट स्टेट पार्कपर्यंतचा शेवटचा दुवा २०१३ मध्ये जुळला. मधली २७ वर्षे स्थानिक मंडळांनी पूल उभे करण्यात, बोगदे दुरुस्त करण्यात, जागेच्या वाटाघाटींत घालवली. मायर्सडेलजवळचा सॅलिसबरी पूल सुमारे ५८० मीटर लांब आणि तीस मीटर उंच आहे. खालून नदी, महामार्ग आणि चालू रेल्वे जाते. त्या उंचीवरून खाली काहीही टाकू नये, मुलांनाही टाकू देऊ नये, हे सांगायला लागू नये पण मी सांगतो. आजही पडलेली झाडे उचलणे, गवत कापणे, चर साफ करणे ही कामे मुख्यतः स्वयंसेवक करतात, आणि त्यांतले पुष्कळ जण निवृत्त आहेत. पिट्सबर्गच्या मराठी घरांतून वर्षातला एखादा शनिवार या कामाला गेला तर ते मला वाटेवरच्या कुठल्याही नियमापेक्षा मोलाचे वाटेल.

वाटेवरची गावे लहान आहेत आणि त्यांनी वाईट दिवस पाहिले आहेत. कॉनेल्सव्हिलच्या कोळशापासून कोक बनवणाऱ्या भट्ट्यांवर पिट्सबर्गचे पोलाद उभे राहिले. होमस्टेडच्या कारखान्यात १८९२ मध्ये कामगार आणि मालकांनी आणलेले पिंकर्टन या खासगी कंपनीचे सशस्त्र लोक यांच्यात जिथे रक्तपात झाला, तिथली पंपहाऊसची इमारत वाटेच्या कडेला उभी आहे. कारखाने आणि खाणी बंद झाल्यावर यांतली बरीचशी गावे रिकामी होत गेली. आज सायकलस्वारांच्या मुक्कामांनी, जेवणांनी त्यांना थोडा आधार दिला आहे. सगळे सामान पिट्सबर्गच्या भारतीय दुकानातून भरून नेण्याची आपली सवय समजण्यासारखी आहे, विशेषतः शाकाहारी घरांत. तरी एक वेळचे जेवण, एक कॉफी, एक पाई गावात घ्यावी. चिखलाचे बूट दाराशी काढावेत, प्रसाधनगृह वापरले तर काहीतरी विकत घ्यावे, आणि पहाटे निघायचे असेल तर लॉजच्या लाकडी जिन्यावर हलक्या आवाजात बोलावे. स्पीकरवर गाणी लावून वाटेने जाणे मात्र कुठल्याच गावात, कुठल्याच वेळी नको. लता मंगेशकरांचा आवाज आपल्यासाठी कितीही जवळचा असला तरी नदीचा आवाज ऐकायला आलेल्या माणसाला तो ऐकायची सक्ती करता येत नाही.

कंबरलंडला गॅप संपते आणि चेसापीक अँड ओहायो कालव्याची २९७ किलोमीटरची वाट सुरू होते, जी थेट वॉशिंग्टनच्या जॉर्जटाऊनपर्यंत जाते. तिथे कधी रूळ नव्हते. खेचरे कालव्यातल्या होड्या ओढत ज्या काठाने चालत, तीच ही वाट. १९५४ मध्ये या काठाने मोटाररस्ता करायचा बेत होता, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश विल्यम डग्लस स्वतः पत्रकारांना घेऊन ही वाट चालले, आणि १९७१ मध्ये ती राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान झाली. गॅपच्या सवयीने आलेल्यांना इथे वाट जास्त अरुंद, जास्त खडबडीत आणि पावसात जास्त चिखलाची वाटेल. पॉ पॉ बोगदा जवळपास साडेनऊशे मीटरचा आहे, आत दिवे नाहीत, आणि कालव्याच्या पाण्याकडेचा काठ एका वेळी एकाच माणसापुरता आहे. तिथे सायकलवरून उतरून चालत जायचे असते, कठड्याच्या बाजूने, दिवा लावून. समोरून दुसरा गट येताना दिसला तर आत शिरण्याआधीच एकमेकांना हाक मारून कोण थांबणार ते ठरवावे. सायकली घेऊन मधोमध गाठ पडली तर कोणाला तरी मागे जावे लागते. या पुस्तिकेचे शेवटचे प्रकरण या कालव्याच्या वाटेसाठी आहे, आणि पॉ पॉ ओलांडायच्या आदल्या रात्री ते पुन्हा एकदा वाचावे, दिव्याची बॅटरी चार्ज करून.